कारणाचा रकाना

आमच्या पॅकहाऊसात, पिंपळगावला,
घड बाजूला काढायचा तर चिठ्ठीवर कारण लिहावं लागतं.
तडा. डाग. मणी बारीक. देठ सुकलेला.
नुसतं 'नको' म्हणून भागत नाही,
सुपरवायझर आहेर चिठ्ठी उलटून बघतो.

सोळा मिलिमीटरची कडी, अठराची कडी.
अकरा सीझन या दोन कड्यांत गेले माझे.
आता कडी लागत नाही, डोळाच मोजतो.
म्हणून सोनोग्राफीचा कागद हातात आला तेव्हा
इंग्रजी सोडून दिलं नि आकडे वाचले:
एक गाठ बासष्ट बाय अठ्ठेचाळीस,
दुसरी एकतीस.
एवढा मणी कुठल्या वेलावर धरतो?

महिन्यातले बारा दिवस जात होते तेव्हा.
थंडीतही स्वेटर अंगात नाही,
कमरेला मागून बांधलेला.
रक्त सहा पूर्णांक दोन.
प्रीकूलिंगच्या भिंतीवरचा बर्फ
नखानं खरवडून चोरून खायचे,
का ते मलाच कळायचं नाही.

हायवेवरचा डॉक्टर मान वर न करता म्हणाला,
"दोन लेकरं झालीत ना?
पिशवी काढून टाकू. शुक्रवारी या."
जशी काही दारामागच्या खिळ्यावरची,
भाजीची.

"माझीपण शुक्रवारीच काढली," ठकूबाई म्हणाली.
सत्ताविसाव्या वर्षी. अंगावरून पांढरं जायचं, एवढंच.
बिजांडंही काढली सोबत, तिला नंतर कळलं.
आता एक्केचाळीसची आहे,
रात्री उठून खिडकीशी बसते,
मागल्या साली रिकामं कॅरेट उचलताना मनगट मोडलं.
तिनं पत्र्याच्या पेटीतली फाइल आणली.
मी कारणाचा रकाना शोधला.
तिथं एक आडवी रेघ होती.

शुक्रवारी मी नाशिकची एसटी धरली.
सीबीएसला उतरून त्र्यंबक रोडनं चालत सिव्हिलला,
वाटेत दोनदा बसले.
सानप मॅडमनी आधी विचारलं, मग तपासलं.
गोळ्या दिल्या. लोहाच्या बाटल्या लावल्या.
आत एक छोटं साधन बसवलं, ते धारेसोबत निघून आलं.
सहा महिने असेच.
मग अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला
आणि नऊ दिवस मी कुणाशीच नीट बोलले नाही,
पूर्वाला वेणीवरून उगाच मारलं.

"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या,
"पण पेशी त्या वाटेला लागल्यात."
कागदाच्या पाठीवर चित्र काढलं,
हे काढू, हे दोन्ही बाजूंचं ठेवू, ते चांगलं आहे.
मी म्हटलं, लिहून द्याल?
"काय?"
कारण.
त्या थांबल्या. बाहेर शंभर बाया रांगेत.
मग मराठीत लिहिल्या तीन ओळी,
गिचमिड, पण माझ्या नावासकट.
त्यांच्याखाली मी सही केली.

ट्रेमध्ये काय होतं ते रावसाहेबांना दाखवलं म्हणे.
संध्याकाळभर स्टुलावर बसून राहिले,
मोसंबी सोलली आणि तशीच हातात धरली.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"पोरं ह्यात मावली होती?"
मला हसू आलं, टाके दुखले.

मार्चात परत कामावर. वजन उचलायचं नाही,
म्हणून आहेरनं चिठ्ठ्या लिहायला बसवलं.
तडा. डाग. देठ सुकलेला.

जेवणाच्या सुट्टीत ठकूबाई आली,
फाइल माझ्यापुढं उघडून ठेवली, त्या पानावर.
"तुझं अक्षर बरं आहे," म्हणाली.
"रेघेच्या वर जागा आहे बघ थोडी."

पेन माझ्या हातात आहे.
ती डबा उघडते, भाकरीचा तुकडा मोडते,
माझ्याकडे बघत नाही.